पुढचा शॉकअप बसतोय: जाड ऑइल, स्पेसर की कडक स्प्रिंग?

पावसात काळ्या रानातून गेलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या उन्हाळ्यात दगडासारख्या कडक होतात. बालाघाटाच्या उतारावर तर मुरूम आणि सुटे दगड. अशा जागी ब्रेक मारला की मोटरसायकलचं पुढचं बसतं आणि हँडल वळवळतं. गॅरेजमध्ये यावर बहुतेक वेळा जाड ऑइल सुचवतात. पण ऑइल वजन पेलत नाही, ते फक्त शॉकअपच्या हालचालीचा वेग आवरतं. वजन पेलते ती स्प्रिंग. म्हणून पैसे खर्च करण्याआधी माप घ्या.

पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण मोकळा करा. शॉकअपच्या चकचकीत पाईपला केबल टाय बांधून डस्ट सीलला (पाईप जिथे आत शिरतो तिथलं रबर) टेकवा. चाक खाली घ्या. हेल्मेट-बूट घालून फूटरेस्टवर सावकाश उभे राहा, गाडी दुसऱ्याला धरू द्या. अलगद उतरून चाक परत उचला आणि सीलपासून टायपर्यंतचं अंतर मोजा. हा सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने शॉकअप किती दबतो ते माप. तो एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे शॉकअप जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो त्याच्या, 25 ते 30 टक्के असावा. हिरोच्या साध्या एक्सपल्स 200 4व्ही या गाडीचा पुढचा ट्रॅव्हल 190 मिमी, म्हणजे 48 ते 57 मिमी.

सॅग पाच-दहा मिमीच जास्त असेल तर स्पेसर, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारा तुकडा, पुरेसा आहे. 5 मिमी स्पेसर वाढवला की सॅग साधारण 5 मिमी कमी होतो. स्प्रिंगचा कडकपणा मात्र तेवढाच राहतो. त्याहून जास्त फरक स्पेसरनेच भरून काढू नका. शॉकअप वर येताना ठक्क वाजेल आणि खड्ड्यात चाक जमिनीपर्यंत पोचणार नाही. तिथे कडक स्प्रिंगच हवी, दोन्ही बाजूंना एकसारखी. वजनदार रायडर किंवा कायम सामान लादणाऱ्याने सरळ हाच खर्च करावा.

सॅग बरोबर आहे, पण उसळून पुढचं दोन-तीनदा हेलकावतं? मग ऑइल बदला. 10डब्ल्यू ग्रेडचं असेल तर त्याहून जाड 15डब्ल्यू. साध्या शॉकअपमध्ये ऑइल ठरावीक छिद्रांतूनच जातं, त्यामुळे जाड ऑइलने वेगात दगडावर बसणारा धक्का थेट मनगटात येतो. काळ्या मातीत कमी वेगाने फिरणाऱ्याला हे चालेल. डोंगरात फिरणाऱ्याला आम्ही ते सुचवणार नाही.

फक्त उडीनंतरच शॉकअप तळाला आदळत असेल, तर त्याच ग्रेडच्या ऑइलची पातळी 5 मिमी वाढवा. स्प्रिंग बाहेर काढून, पाईप पूर्ण दाबून, तोंडापासून ऑइलपर्यंत मोजा. शॉकअपच्या दोन्ही पायांत (डाव्या-उजव्या नळ्यांत) पातळी सारखी हवी. जास्त भरलं तर आतली हवा दबून सील फुटतं.

एक्सपल्सच्या प्रो मॉडेलला 250 मिमी ट्रॅव्हल आणि ॲडजस्टर (शॉकअपची हालचाल कमी-जास्त करायचे स्क्रू) दोन्ही मिळतात. स्क्रू हलक्या हाताने बंद होईपर्यंत क्लिक मोजून लिहून ठेवा, मूळ जागी आणा, मग एका वेळी दोनच क्लिक बदला.

सरळ रस्त्यावर पुढचं भिरभिरत असेल, तर आधी कोनसेट (हँडलचं बेअरिंग) ढिला आहे का ते बघा. तो ठीक असेल आणि शॉकअपचे पाईप टी च्या (त्यांना धरणाऱ्या वरच्या पट्टीच्या) वर आलेले असतील, तर 5 मिमी खाली घ्या. गाडी स्थिर होईल, वळायला थोडी जड लागेल. चाक बसवताना एक्सल घट्ट करा, शॉकअप चार-पाचदा दाबा आणि मगच पिंच बोल्ट (शॉकअपच्या पायात एक्सल आवळून धरणारा) आवळा. नाहीतर दोन्ही पाय एकमेकांना अडतात आणि नवी स्प्रिंगसुद्धा जाम वाटते.