सोसायटीतली भिशी की बँकेतली आवर्ती ठेव?

घरखर्चातून दरमहा दोन हजार रुपये बाजूला काढता येतात आणि त्याच सुमारास सोसायटीत बारा जणींची नवी भिशी सुरू होत आहे, अशा वेळी तिथे नाव द्यावे की बँकेत आवर्ती ठेव उघडावी, हे ठरवताना निव्वळ व्याजाचा हिशेब पुरत नाही. तरी सुरुवात त्यानेच करावी.

दोन्हीकडे वर्षभरात 24,000 रुपयेच भरले जातात. आवर्ती ठेवीला साडेसहा टक्के दर धरला, तर वर्षअखेर सुमारे साडेआठशे रुपये व्याज मिळते. भिशीत व्याज नसते, पण कितवा नंबर लागतो यावर बरेच अवलंबून असते. पहिल्याच महिन्यात चिठ्ठी निघाली आणि मिळालेली रक्कम त्याच दराने मुदत ठेवीत टाकली, तर वर्षभरात सुमारे सोळाशे रुपये सुटतात. सहाव्या-सातव्या नंबरावर हिशेब आवर्ती ठेवीच्या जवळपास येतो. शेवटच्या नंबराला मात्र स्वतःचेच पैसे तेवढेच परत मिळतात. अर्थात, भिशी उचलून ती मुदत ठेवीत टाकणारी व्यक्ती विरळाच, कारण बहुतेक घरांत त्या रकमेचे काय घ्यायचे हे चिठ्ठी निघण्याआधीच ठरलेले असते.

लिलावाच्या भिशीचे गणित वेगळे आहे. तिथे ज्याला निकड असते तो कमी रक्कम घेऊन भिशी उचलतो आणि उरलेला फायदा इतरांत वाटला जातो. थांबण्याची तयारी असलेल्याला ती फायद्याची ठरते, परंतु हा फायदा शेजाऱ्याच्या अडचणीतून येतो, हे ज्याला खटकेल त्याने चिठ्ठीचीच भिशी निवडावी.

सुरक्षिततेच्या बाबतीत तुलना एकतर्फी आहे. बँकेतील ठेवींना, आवर्ती ठेव धरून, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे एकूण पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखावरून वाढवण्यात आली. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही, याकडे गल्लीतली पतसंस्था जवळची म्हणून खाते उघडणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. चिट फंडांसाठी 1982 चा कायदा आणि नोंदणीची तरतूद आहे, पण घरगुती भिशी चालते ती एका वहीवर आणि एकमेकींच्या शब्दावर. सुरुवातीला भिशी उचललेल्या एकीने घर बदलले आणि हप्ते थांबवले, तर शेवटच्या नंबरांना वसुलीसाठी हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

मग भिशी टिकून का आहे? एक कारण असे की ठेव मोडता येते, भिशी मोडता येत नाही. अकरा जणींसमोर हप्ता चुकवण्याचा संकोच बँकेच्या किरकोळ दंडापेक्षा अधिक परिणामकारक असतो. दुसरे कारण म्हणजे ती महिन्याकाठची दुपार: कोणाच्या तरी लहानग्याच्या हातून डब्यातली चिठ्ठी काढायची, वहीत नावापुढे खूण करायची आणि मग साबुदाणावड्यांवर ताव मारायचा. या करमणुकीची किंमतही मांडली पाहिजे. आपली पाळी आल्यावर बारा जणींचे खाणे-आइस्क्रीम आणताना आवर्ती ठेवीचे वर्षभराचे व्याज एका दुपारी सहज संपते, आणि मंडळी हॉटेलात भिशी करू लागली तर तो खर्च दरमहाचा होतो. नाटकाच्या तिकिटाचा खर्च आपण करमणुकीत धरतो. हाही तिथेच धरावा, बचतीत नव्हे.

म्हणून जूनमधील शाळेची फी किंवा विम्याचा हप्ता यांसारखा तारखेला बांधलेला खर्च असेल, तर त्याचे पैसे आवर्ती ठेवीतच ठेवावेत. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचा दर ऑक्टोबर 2023 मध्ये 6.7 टक्के झाला. मात्र तिची मुदत पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांनंतर ती मुदतीआधी बंद केल्यास बचत खात्याच्या दरानेच व्याज मिळते, त्यामुळे वर्षभराच्या गरजेसाठी बँकच सोयीची. भिशीची ओढ असेलच, तर शेजारणीबरोबर एकच नाव निम्मे-निम्मे घेता येते का, हे पाहावे. अनेक गटांत तशी अर्धी भिशी चालते, आणि उरलेले हजार रुपये बँकेत जातात.