हेरिटेज की टॉवर, या विषयावरचा ऑनलाइन कोर्स केला त्याबद्दल

कोर्सचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढे तक्रार पण आहे. सहा आठवडे, आठवड्याला दोन लेक्चर, विषय एकच, शहरातल्या जुन्या इमारती जपायच्या की पाडून नवीन बांधायच्या. मी आर्किटेक्ट वगैरे नाही, नुसता हौशी, आणि सुरू करताना एकदम ठाम होतो की जुनं काही पाडायचं नाही, बिल्डर वाईट, विषय संपला.

पहिला आठवडा बघितला नाहीत तरी चालेल, नुसत्या व्याख्या आहेत. दुसऱ्यात न्यूयॉर्क येतं आणि तिथेच कोर्स वसूल होतो. पेन स्टेशन १९६३ला पाडायला घेतलं, लोक हळहळले, १९६५ला शहराने जुन्या वास्तू वाचवायचा कायदा केला, इथपर्यंत मला माहीत होतं. पण ग्रँड सेंट्रल स्टेशनची केस माहीत नव्हती. मालक रेल्वे कंपनीला स्टेशनच्या डोक्यावर पन्नासहून जास्त मजल्यांचा टॉवर हवा होता, शहर नाही म्हणालं, मग कंपनी कोर्टात, की जागा आमची, नुकसान आमचं, भरपाई द्या. १९७८ला सुप्रीम कोर्टात ६ विरुद्ध ३ने शहर जिंकलं. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की स्टेशन आहे तसं चालवून कंपनी कमावू शकते, आणि वर न बांधलेले मजले जवळच्या दुसऱ्या प्लॉटवर नेता येतात, म्हणजे आपला टीडीआरच की, इथला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा! सरांनी इथे एक गोष्ट छान सांगितली, की हे मजले विकत घेणारा कोणीतरी हवा, जिथे जागेला मागणीच नाही तिथे तो नुसता कागद, आणि मागणी असली तरी ते मजले शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी गल्लीत जाऊन उभे राहतात.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं लेक्चर पण मस्त. एल्बे नदीवरच्या एका पुलामुळे २००९ला युनेस्कोने त्या खोऱ्याला जागतिक वारशाच्या यादीतून काढलं, आणि गंमत म्हणजे पूल हवा असं २००५ला शहरातल्या लोकांनीच मतदान करून सांगितलेलं, आता बोला. लिव्हरपूलचं नाव पण २०२१ला यादीतून गेलं पण ते दोन मिनिटांत उरकलंय.

आता तक्रार. सिंगापूरच्या लेक्चरमध्ये १९८९ला चायनाटाउन, लिटिल इंडिया, कांपोंग ग्लाम हे भाग संरक्षित झाले ते आहे, जुन्या दुकान-घरांचे आधीचे आणि नंतरचे फोटो आहेत, रंगबिरंगी, बघतच राहावं असे. १९४७च्या कायद्याने भाडी बांधलेली, त्यामुळे दुरुस्तीला मालक हात लावेनात हे पण सांगतात. पण त्या बांधलेल्या भाड्यात राहणारी माणसं नंतर कुठे गेली यावर एक स्लाइड नाही. मी चर्चेत विचारलं तर उत्तर आलं, हे कोर्सच्या स्कोपबाहेर आहे. अरे मग स्कोपमध्ये काय, नुसत्या खिडक्या?

दर्शनी भिंत ठेवून मागे सगळं नवीन उभं करायचं, त्या प्रकारावर मात्र अख्खं लेक्चर. मला तो प्रकार म्हणजे मुखवटा वाटतो, पण सरांना फार प्रेम.

असाइनमेंट भारी आहे. एक काल्पनिक गल्ली, बारा इमारती, ठरलेलं बजेट, आणि प्रत्येक निर्णयाचा तीस वर्षांचा खर्च एक्सेलमध्ये दिसतो. मी पहिल्या वेळी बाराच्या बारा वाचवल्या, आठव्या वर्षी पैसे संपले, छपरं गळायला लागली आणि विसाव्या वर्षापर्यंत चार इमारती आपोआपच पडल्या, म्हणजे मीच पाडल्या म्हणा ना. पाडायला बंदी घालायला पैसे लागत नाहीत, पण कौलं बदलायला लागतात, हे तेव्हा डोक्यात शिरलं. शेवटच्या प्रयत्नात पाच ठेवल्या, बाकीच्यांच्या जागी नवीन घरं, आणि त्या पाचात एक अगदी कुरूप पत्र्याचं गोडाऊन घेतलं कारण गल्लीतले सगळे छोटे कारागीर तिथेच होते, नवीन बिल्डिंगचं भाडं त्यांना झेपलंच नसतं.

पाचपैकी साडेतीन स्टार देतो. गोडाऊनचे मार्क कापले, शेरा होता 'वास्तुमूल्य कमी'. बदलून परत सबमिट करायची सोय होती, मी केलं नाही.