क्रोमचं 'ॲप्लिकेशन' पॅनल: औजार चोख, पण टिकमार्क बघून बटण दाबा

सोयाबीनच्या सीझनात लातूरच्या मोंढ्यात आडतीचा हिशेब ब्राउझरमधल्या ॲपवर चालवणाऱ्यांना ही कटकट ठाऊक आहे: हमाली-तोलाईचे दर सर्व्हरवर बदलले, नवीन व्हर्जन चढलं, तरी मुनिमाच्या स्क्रीनवर हिशेबपट्टी जुन्याच दरानं निघते, कारण ब्राउझर आधी साठवलेल्या जुन्या फाइलीच (कॅशे) वापरतो. त्यावर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधलं 'ॲप्लिकेशन' पॅनल हे फुकटातलं जालीम औजार. एफ१२ दाबलं की टूल्स उघडतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं.

कंट्रोल-शिफ्ट-डिलीटनं 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' उडवून इथं भागत नाही. त्यानं एचटीटीपी कॅशे, म्हणजे ब्राउझरनं स्वतःहून साठवलेल्या फाइली, जातो. सर्व्हिस वर्करचा (नेट नसतानाही ॲप चालावं म्हणून ब्राउझरमध्ये मागे चालणारी ॲपची स्क्रिप्ट) कॅशे स्टोरेज वेगळा असतो, तो कुकीज आणि साइट डेटाच्या खात्यात मोडतो. कंट्रोल-शिफ्ट-आर सर्व्हिस वर्करला टाळतं खरं, पण तेवढ्या एका वेळेपुरतं. नवे दर दिसले म्हणून निर्धास्त व्हावं, तर पुढच्या साध्या रिफ्रेशला जुने पुन्हा हजर.

पॅनलमध्ये डावीकडे 'स्टोरेज' उघडलं की कुणी किती जागा खाल्ली त्याचा गोल तक्ता आणि 'क्लिअर साइट डेटा' हे बटण दिसतं. आमची खरी तक्रार या बटणाबद्दलच आहे. खालच्या टिकमार्कमध्ये इंडेक्स्डडीबी, म्हणजे ब्राउझरमधला ॲपचा डेटाबेस, हेही आधीच टिक केलेलं असतं. नेट गेल्यावर ऑफलाइन केलेल्या, सर्व्हरवर न गेलेल्या काटापट्ट्या बहुतेक ॲप तिथंच ठेवतात. बटण दाबलं की त्या गेल्या, 'नक्की का?' असं विचारतसुद्धा नाही.

म्हणून आधी डावीकडे इंडेक्स्डडीबी उघडून पेंडिंग नोंदींचा तक्ता बघा. तो आपोआप ताजा होत नाही, वरचं रिफ्रेशचं चिन्ह दाबा. नोंदी शिल्लक असतील तर नेट आल्यावर आधी सिंक होऊ द्या. मग 'अनरजिस्टर सर्व्हिस वर्कर्स' आणि 'कॅशे स्टोरेज' या दोनच टिक ठेवा, बाकी काढा आणि बटण दाबा. कुकीज आणि लोकल स्टोरेज वाचल्यानं लॉगिनही सहसा टिकतं. शेवटी टूल्स उघडीच ठेवून रिलोडच्या बटणावर राइट-क्लिक करून 'एम्प्टी कॅशे अँड हार्ड रिलोड' निवडा. टूल्स बंद असतील तर हा पर्याय येतच नाही.

नेटवर्क टॅबमधलं 'डिसेबल कॅशे'सुद्धा टूल्स उघडी असेपर्यंतच चालतं. ते चाचणीसाठी आहे, दुकानदाराला इलाज म्हणून सांगू नये.

आणि दर अपडेटला हा खटाटोप लागत असेल तर दोष ॲप बनवणाऱ्याचा. सर्व्हरच्या उत्तरात इंडेक्स फाइलला (ॲपचं पहिलं पान) 'नो-कॅशे' आणि नावात हॅश (मजकूर बदलला की बदलणारा कोड) असलेल्या फाइलींना 'मॅक्स-एज=३१५३६०००' (सेकंद, म्हणजे एक वर्ष) एवढं तरी त्यानं लावलेलं असावं. 'नो-कॅशे' म्हणजे साठवू नको असं नव्हे. साठव, पण वापरण्याआधी सर्व्हरला विचार. नवा सर्व्हिस वर्करही जुने सगळे टॅब बंद होईपर्यंत ताटकळतो. मोंढ्यातल्या कॉम्प्युटरवर सकाळी उघडलेला टॅब रात्रीपर्यंत मिटत नाही, तेव्हा 'नवीन व्हर्जन आलंय, इथं दाबा' अशी सूचना ॲपमध्येच हवी.