व्हिडिओचं रंगकाम शिकायला रिझॉल्व्ह की प्रीमियर? हळदीची एकच क्लिप दोन्हीकडे करून पाहिली

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका हॉलमधली हळद. नवरीच्या डाव्या हाताला खिडकी, तिथून सकाळचं ऊन येतंय. डोक्यावर ट्यूबलाइट. मागे झेंडूच्या माळा आणि पिवळा पडदा, अंगावर पिवळी साडी, गालांवर हळद. ऐरोलीच्या माझ्या भाच्याने हे सगळं व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायची सोय, ऑटोवर ठेवून शूट केलं. रात्री फाइल उघडली आणि मला फोन. "मावशी, नवरी आजारी दिसतेय गं. चेहरा हिरवट पडलाय. हे प्रीमियरमध्ये सुधारेल, की रिझॉल्व्ह टाकू?"

लग्नसराई लागली की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. या वेळी तोंडी उत्तर दिलं नाही. तीच चाळीस सेकंदांची क्लिप त्याच्याकडून मागवून घेतली आणि दोन संध्याकाळी बसले, एक डाविंची रिझॉल्व्हवर, एक प्रीमियर प्रोवर. दोन्ही व्हिडिओ एडिटिंग आणि रंगकामाची सॉफ्टवेअर.

मत आधीच सांगून टाकते. रंगकाम मुळापासून शिकायचंय आणि अजून कुठल्याच सॉफ्टवेअरवर हात बसलेला नाही, तर रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्या. प्रीमियरवर एडिटिंग करताय, आठवड्याला एक लग्न हातावेगळं करावं लागतंय, तर भर सीझनमध्ये घोडं बदलू नका. त्यातलं रंगासाठीचं ल्युमेट्री पॅनल वाटतं त्यापेक्षा बरंच पुढे नेतं. आता हे असं का, ते त्या हळदीच्या क्लिपवरच दाखवते.

आधी दुरुस्ती, मग रूप

नवीन मुलं सुरुवातच चुकीच्या टोकाने करतात. क्लिप टाइमलाइनवर टाकली की पहिलं काम कुठूनतरी उतरवलेली लट लावायची, म्हणजे तयार रंगरूपाची फाइल. भिंतीला लांबी न भरता रंग मारला तर खड्डे तसेच दिसतात, तसंच हे. आधी उजेड जागेवर आणायचा, मग व्हाइट बॅलन्स, मग काळ्या-पांढऱ्यातला फरक, मग रंगाची तीव्रता. इथवरची झाली दुरुस्ती. उबदार, फिकट, सिनेमासारखं वगैरे जे रूप हवंय ते यानंतर. हा क्रम दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये सारखाच. फरक इतकाच की एक तुम्हाला तो क्रम पाळायला लावतं, दुसऱ्यात तो तुम्ही स्वतः पाळायचा.

रिझॉल्व्हचा जन्मच रंगासाठी झाला. डाविंची हे नाव पोस्ट-प्रॉडक्शनच्या स्टुडिओंमध्ये रंगाच्या यंत्रांसाठी ओळखलं जायचं. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी विकत घेतली, आणि एडिटिंग त्यात नंतर वाढत गेलं. प्रीमियरचं उलट. ते मुळात एडिटिंगचं, आणि ल्युमेट्री पॅनल त्यात २०१५ मध्ये आलं. दोघांचं मूळ कुठे आहे ते काम करताना पदोपदी जाणवतं.

नवरीचा चेहरा, रिझॉल्व्हमध्ये

कलर पेजवर गेले आणि तीन नोड काढले. नोड म्हणजे रंगकामाची एकेक पायरी, एकीतून चित्र दुसरीत जातं. पहिला उजेड आणि बॅलन्ससाठी, दुसरा त्वचेसाठी, तिसरा शेवटच्या रूपासाठी. नावंही देऊन ठेवली, कारण आठ दिवसांनी उघडल्यावर कुठे काय केलं ते आठवत नाही.

मग परेड स्कोप उघडला. स्कोप म्हणजे चित्रातल्या रंगांचं माप दाखवणारा आलेख. त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन उभे पट्टे शेजारी शेजारी दिसतात. फ्रेममध्ये जे खरोखर पांढरं आहे तिथे तिन्ही पट्टे एका उंचीला यायला हवेत. आमच्या क्लिपमध्ये नवरीच्या काकांचं पांढरं उपरणं होतं, तेच माप धरलं. हिरवा पट्टा वर होता, ट्यूबलाइटची करामत. ऑफसेटचं चाक, म्हणजे अख्ख्या चित्राचा रंग एकदम सरकवणारं, मॅजेंटाकडे (हिरव्याच्या विरुद्धचा गुलाबी-जांभळा) थोडं सरकवलं आणि तिन्ही पट्टे शेजारी बसले. उपरणं पांढरं झालं तसा मागचा पडदाही खरा पिवळा दिसायला लागला.

आता चेहरा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण हळदीच्या व्हिडिओत हमखास इथेच घोळ होतो. व्हेक्टरस्कोप म्हणजे रंगाची दिशा आणि तीव्रता दाखवणारा गोल आलेख. त्यावर त्वचेसाठी एक रेघ असते, लाल आणि पिवळ्याच्या मधे, घड्याळात अकरा वाजता तासकाटा असतो साधारण त्या दिशेला. माणूस गोरा असो की सावळा, त्वचेचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो. उजळपणा बदलतो, तीव्रता बदलते, दिशा फारशी बदलत नाही. पण हळद लागलेल्या गालावर ही रेघ बसवायला गेलात तर चेहऱ्यातला पिवळेपणा उपसून काढाल, आणि मग हळद विटकरी दिसेल, बाकीची त्वचा जांभळट. हळद पिवळीच दिसली पाहिजे! माप घ्यायचं ते हळद न लागलेल्या जागेचं: मान, कपाळाची कड, कानाची पाळी. मी मानेवर छोटी विंडो काढली, म्हणजे तेवढ्या भागाभोवती आकार आखला, तेवढाच भाग स्कोपवर पाहिला आणि रेघ तिथे जुळवली. गालांकडे पाहिलंच नाही. मान बरोबर आली तसे गाल आपोआप खरे दिसायला लागले.

नवरी मधेच आईकडे वळते. रिझॉल्व्हचा ट्रॅकर चालवला, विंडो चेहऱ्याबरोबर वळली, एका जागी हाताने सरकवावी लागली. एवढंच.

तोच चेहरा, प्रीमियरमध्ये

ल्युमेट्रीत परेड आहे, व्हेक्टरस्कोप आहे, त्वचेची रेघही आहे. बेसिक करेक्शनमध्ये टेंपरेचर आणि टिंट सरकवून उपरणं पांढरं करायला रिझॉल्व्हपेक्षा कमी वेळ लागला. खरंच सांगते, साध्या दुरुस्तीला ल्युमेट्री जास्त सोपं आहे. वरून खाली एकेक स्लायडर, नवख्याला भीती वाटत नाही.

अडचण चेहऱ्याला आली. एचएसएल सेकंडरीने, म्हणजे एकच रंग निवडून तेवढाच सुधारायच्या सोयीने, त्वचा उचलायला गेले तर त्वचेबरोबर साडी आली, पडदा आला, झेंडू आला. सगळे शेजारशेजारचे रंग, सॉफ्टवेअरचा तरी काय दोष? मार्ग आहे: दुसरा ल्युमेट्री इफेक्ट लावायचा, त्यालाच मास्क (रिझॉल्व्हच्या विंडोसारखाच) काढायचा आणि तो मास्क चेहऱ्यामागे ट्रॅक करायचा. तसं केलं, झालंही. पण मास्क नवरी वळताना दोन ठिकाणी निसटला, तो पुन्हा बसवत बसावं लागलं. रिझॉल्व्हमध्ये जे पाच मिनिटांत झालं त्याला इथे अर्धा तास गेला. एका क्लिपला अर्धा तास चालतो. अख्ख्या लग्नात अशा तीसेक क्लिप निघाल्या तर हिशोब तुम्हीच करा.

एका बाबतीत मात्र प्रीमियर जिंकलं. ऑटो व्हाइट बॅलन्समुळे क्लिपच्या मधोमध रंग बदलला होता. तिथे क्लिप कापायची, दोन तुकडे वेगवेगळे सुधारायचे आणि मधे छोटा डिझॉल्व्ह टाकायचा, म्हणजे एक तुकडा दुसऱ्यात हळूहळू विरघळतो. एडिटिंगच्याच टाइमलाइनवर असल्यामुळे हे चुटकीसरशी झालं. कीफ्रेम लावून, म्हणजे वेळेनुसार आकडे बदलत नेऊनही होतं, दोन्हीकडे. मला कापणं जास्त भरवशाचं वाटतं. भाच्याला मात्र ठणकावून सांगितलंय, पुढच्या हळदीला व्हाइट बॅलन्स हाताने लावायचा. एक पांढरा कागद खिशात ठेवायला काय जातं?

जिथे दोघांत फरकच नाही

पाडव्याच्या शोभायात्रेचं ठाण्याच्या तलावपाळीवरचं शूट काढून बघा. भगवे फेटे सकाळच्या उन्हात इतके तापतात की कापडाच्या घड्याच दिसेनाशा होतात, नुसता एक सपाट केशरी गोळा. परेडमध्ये लाल पट्टा वरच्या टोकाला जाऊन चिकटलेला असतो. हे सुधारायचं तर ह्यू विरुद्ध सॅच्युरेशनचा (रंगछटा विरुद्ध तीव्रता) वक्र घ्यायचा, केशरीवर बिंदू धरायचा आणि तीव्रता खाली आणायची, मग उजेडही थोडा. हा वक्र रिझॉल्व्हमध्ये आहे आणि ल्युमेट्रीतही आहे, मला दोन्हीकडे सारखाच निकाल मिळाला. पावसाळ्यातल्या येऊरच्या जंगलाचा भडक हिरवा शांत करायलाही हेच.

पण लाल पट्टा शूट करतानाच टोकाला जाऊन कापला गेला असेल तर घड्या कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. ८-बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. कॅमेऱ्यात १०-बिट असेल तर तेच वापरा, आणि उन्हातला फेटा थोडा अंधारात ठेवूनच घ्या. लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग भरायला मुद्दाम फिकं, सपाट ठेवलेल्या प्रोफाइलमध्ये, शूट करायची घाई मात्र करू नका. ८-बिट लॉग ताणला की आकाशात पट्टे उमटतात. सुरुवातीचे काही महिने साध्या प्रोफाइलवर नीट उजेड घेऊन शूट केलेलं जास्त चांगलं दिसतं.

लटचंही तसंच. लट वाईट नसते, चुकीच्या जागी लावलेली वाईट. सोनीच्या एस-लॉग ३ साठी बनवलेली लट साध्या फुटेजवर लावली की केस आणि काळ्या साड्या डांबरासारख्या होतात. रिझॉल्व्हमध्ये ती शेवटच्या नोडवर ठेवा. प्रीमियरमध्ये रूपाची लट क्रिएटिव्ह भागात लावा, म्हणजे बेसिक करेक्शन तिच्या आधी लागतं. दोन्हीकडे तिचा जोर अर्ध्यावर आणून बघा, बहुतेक वेळा तेवढाच पुरतो.

पैसा आणि लॅपटॉप

प्रीमियर वर्गणीवर चालतं, महिना थांबला की काम थांबलं. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती खरोखर फुकट आहे, व्हिडिओवर शिक्का येत नाही, आणि अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट होतो. पूर्ण स्टुडिओ आवृत्तीची छापील किंमत २९५ डॉलर, एकदाच भरायची. फुकट आवृत्तीत जे नाही त्यातलं लग्नवाल्यांना सगळ्यात जास्त टोचतं ते नॉइज रिडक्शन. रिसेप्शनला दिवे मालवून नाच सुरू झाला की दाणे येणारच, आणि ते काढायची सोय स्टुडिओतच आहे. प्रीमियरवालेही यासाठी बहुधा वेगळं प्लगइन घेतात, तेव्हा या एका कारणासाठी इकडून तिकडे उडी मारू नका.

फुकट आवृत्तीला काही १०-बिट फाइली उघडायला मर्यादा आहेत, विशेषतः विंडोजवर. म्हणून निर्णय घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याची एक खरी क्लिप टाकून बघाच. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर रिझॉल्व्ह नीट चालतं. भाच्याच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर पंखा विमानासारखा घोंघावायला लागला, टाइमलाइन प्रॉक्सी (काम करताना दिसणाऱ्या चित्राचा आकार) पावपट केल्यावर जरा शांत झाला. अशा यंत्रावर रोज काम करायचं असेल तर मी आज तरी प्रीमियरच सुचवेन.

फोनवरच्या ॲपबद्दल फार लिहीत नाही. रीलपुरती ठीक, पण स्कोप न पाहता शिकलेला रंग डोळ्यावर विसंबलेला असतो, आणि डोळा दहा मिनिटांत हिरव्यालाही सरावतो.

तेच स्क्रीनचं. नाइट मोड बंद करा, खिडकीतून उन्हाची तिरीप स्क्रीनवर येत असेल तर पडदा ओढा, खोलीतला पिवळा बल्ब बदलून पांढरा लावा. शेवटी एकदा साध्या अँड्रॉइड फोनवर बघा, कारण नवरीची आत्या ते तिथेच बघणार आहे. मॅकवाल्यांना क्विकटाइममध्ये एक्सपोर्ट थोडा फिका दिसतो. तो पाहून पुन्हा कॉन्ट्रास्ट चढवू नका.

दोन्ही डगरींवर पाय ठेवता येतो

हा रस्ता फार कमी लोक धरतात, पण मला मनापासून आवडतो. एडिटिंग प्रीमियरमध्येच पूर्ण करायचं, रंगाला अजिबात हात न लावता. मग प्रोरेझ ४२२ एचक्यू या उच्च दर्जाच्या फॉरमॅटमध्ये एकच मोठी फाइल काढायची आणि रिझॉल्व्हमध्ये नेऊन सीन कट डिटेक्शन चालवायचं. ते स्वतःच कट शोधून फाइलचे तुकडे पाडतं. जिथे डिझॉल्व्ह आहेत तिथे चुकतं, ते कट हाताने टाकायचे. हार्ड डिस्कवर जागा भरपूर लागते, एवढा एकच त्रास. हातात बसलेलं एडिटिंगही सुटत नाही आणि दर आठवड्याला दोन-चार क्लिप रिझॉल्व्हवर करत करत नोडही अंगवळणी पडतात.

भाच्याने हेच करायचं ठरवलं. काल रात्री त्याने नवरीची क्लिप पुन्हा पाठवली, या वेळी त्याने स्वतः केलेली. गाल छान पिवळे, उपरणं पांढरं. फक्त कानाच्या पाळीवर हिरवट झाक राहिली होती. "माप कुठलं घेतलंस रे?" मी विचारलं. म्हणाला, "कपाळाचं, मावशी." कपाळावर खिडकीचं ऊन पडत होतं. त्याला म्हटलं, ट्यूबखाली आहे ती बाजू धर, मान धर, आणि ऑफसेट केसभर मॅजेंटाकडे ने.