डायलिसिससाठी फिस्टुला, ग्राफ्ट की मानेतली नळी?

डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला साधारण 250 ते 350 मिली रक्त लागतं. सलाइन लावतो ती हाताची शीर एवढं रक्त देऊच शकत नाही. पंपाने ओढलं की ती आतल्या आत चिकटते. म्हणून वेगळी वाट करावी लागते. 'चांगलं काय?' हे विचारण्याआधी 'किती दिवसांसाठी?' हे विचारा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

लेप्टो, सर्पदंश किंवा सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग) यामुळे आयसीयूत अचानक किडनी बंद पडली असेल, तर ती काही आठवड्यांत, कधी तीन महिन्यांनीही पुन्हा काम करू लागते. अशा रुग्णाला घाईने फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर जोडण्याचं ऑपरेशन, करण्यात अर्थ नाही. तिथे तात्पुरती नळी बसवतात: पहिली पसंती मानेची उजवी बाजू, नाहीतर मांडी. मांडीतल्या नळीत जंतुसंसर्ग जास्त, ही समजूत सरसकट खरी नाही. फ्रान्समधल्या 12 आयसीयूंतल्या 750 रुग्णांची मान आणि मांडी यांत चिठ्ठी टाकून विभागणी केलेला अभ्यास 2008 मध्ये आला. जंतू धरण्याचं प्रमाण एकूणात सारखंच निघालं. फक्त बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 28 च्या वर असलेल्यांत मांडीची नळी जास्त दूषित झाली. सडपातळ रुग्णांत उलट मानेची जास्त झाली, आणि नळीच्या जागी कातडीखाली रक्त साकळणं मानेतच जास्त होतं. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या किडकिडीत माणसाला आठवडाभर मांडीतली नळी चालते. गळपट्टीच्या हाडाखालची शीर मात्र टाळा. ती पुढे अरुंद झाली की त्या बाजूचा अख्खा हात फिस्टुलासाठी बाद होतो.

डायलिसिस कायमचा असेल, तर खरी तुलना तीन गोष्टींची: फिस्टुला, ग्राफ्ट आणि परमकॅथ.

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर थेट जोडणं. धमनीच्या दाबाने शीर फुगते आणि तिची भिंत जाड होते. बहुधा तेवढा भाग बधिर करूनच ऑपरेशन होतं, शरीरात परकी वस्तू राहत नाही, जंतुसंसर्ग सगळ्यांत कमी, आणि चांगला जमला तर वर्षानुवर्षं टिकतो. आधी मनगटाजवळ, तिथे शिरा बारीक असतील तर कोपरापाशी. ऑपरेशनआधी डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) झालाच पाहिजे. दंडाला पट्टा बांधून शीर 2.5 मिमीच्या आसपास आणि धमनी किमान 2 मिमी नसेल, तर मनगटाचा हट्ट धरू नये.

अडचण पिकण्याची, म्हणजे शीर फुगून सुईजोगी होण्याची. वापरायोग्य फिस्टुला ओळखायला सहाचा नियम आहे: सहा आठवड्यांनी व्यास 6 मिमी, खोली 6 मिमीपेक्षा कमी, प्रवाह मिनिटाला 600 मिली. अनेकांचा तिथवर पोचतच नाही. अमेरिकेतल्या 877 रुग्णांच्या अभ्यासात क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने सुरुवातीची गुठळी 19.5 टक्क्यांवरून 12.2 टक्क्यांवर आली, पण वापरण्याजोगे फिस्टुले काही वाढले नाहीत. दोन्ही गटांत 60 टक्क्यांच्या आसपास फिस्टुले अपुरेच राहिले. कारण बहुतेकदा गुठळीपेक्षा जोडाजवळचा अरुंद भाग किंवा रक्त पळवणाऱ्या बाजूच्या शिरा हे असतं, आणि त्यावर इलाज फुगा घालून रुंद करणं किंवा ती फांदी बांधणं. म्हणून चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सर्जनने हात पाहायलाच हवा. घरीही अंदाज येतो: हात डोक्यावर धरला की फुगलेली शीर बसली पाहिजे. टणकच राहिली तर पुढे कुठेतरी अडलंय.

फिस्टुला बिघडतो तो बरेचदा सुईने. सुरुवातीला 17 गेजची बारीक सुई आणि पंप मिनिटाला 200 मिलीवर, मग हळूहळू जाड, 16 आणि 15. दर वेळी जागा थोडी वर सरकवायची. 'इथे दुखत नाही, इथेच टोचा' असं रुग्णच सांगतो, आणि त्याच जागी टोचून टोचून फुगा तयार होतो. त्यावरची कातडी चकचकीत, पातळ झाली किंवा खपली भरेना, तर तो फुटू शकतो. त्याच दिवशी दाखवा. रक्त सुटलंच तर टॉवेल गुंडाळू नका, बोटाने नेमक्या जागी घट्ट दाबून धरा आणि हॉस्पिटल गाठा. रोज सकाळी थ्रिल, म्हणजे हाताला लागणारी थरथर, तपासा. ती गेली तर पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नका. गुठळी काढायला हातात एक-दोनच दिवस असतात. त्या हातावर बीपी नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगड्या नाहीत. कोपरावरच्या फिस्टुलात, विशेषतः मधुमेह असलेल्यांची, बोटं गार पडून दुखू लागली तर हाताचं रक्त फिस्टुला पळवतोय असं समजा.

ग्राफ्ट म्हणजे धमनी आणि शीर यांच्यामध्ये पुरलेली, बहुधा 6 मिमीची, पीटीएफई नावाच्या प्लॅस्टिकची नळी. शिरा बारीक असतील तेव्हाच तिचा विचार. सूज उतरली की दोन-तीन आठवड्यांत सुई टोचता येते, काही नव्या ग्राफ्टना एक ते तीन दिवसांत. पण शिरेकडचा जोड पुन्हा पुन्हा अरुंद होतो, आणि जंतू शिरले तर बहुतेकदा ग्राफ्टच काढावा लागतो. वर त्याचा वेगळा खर्च.

परमकॅथ, म्हणजे मानेतून घालून कातडीखालून बाहेर काढलेली टिकाऊ नळी. तो त्याच दिवशी वापरता येतो आणि सुया टोचाव्या लागत नाहीत, म्हणून सगळ्यांना आवडतो. त्याचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात असतं आणि कातडीखालच्या कापडी कफभोवती मांस धरलं की नळी पक्की होते. पण डायलिसिस सुरू होताच थंडी वाजून ताप आला तर तो नळीचाच समजायचा, आणि अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) घ्यायचं. ड्रेसिंग भिजवू नये. डोक्यावरून अंघोळ बंद. दोन्ही फाट्यांत हेपॅरिनचं लॉक, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध भरून ठेवलेलं असतं, किती मिली ते नळीवरच छापलेलं असतं. ते आधी ओढून न टाकता कुणी सलाइन लावलं तर सगळं हेपॅरिन अंगात जातं. म्हणून डायलिसिस युनिटबाहेर कुणालाही ती नळी उघडू देऊ नका. महिनोन्महिने ठेवली तर मोठी शीर अरुंद होऊन चेहरा आणि हात सुजतात.

नळीवर असलेल्या रुग्णांत मृत्यू जास्त दिसतात, पण त्यातला काही भाग मुळातच जास्त आजारी लोकांना नळी पडते म्हणून असतो. त्यामुळे ऐंशीच्या पुढचं वय, अशक्त हृदय, दोरीसारख्या शिरा असतील, तर तीन ऑपरेशनं करून फिस्टुला पिकवण्यापेक्षा परमकॅथ शहाणपणाचा. किडनी देणारा घरातला दाता तपासण्या पूर्ण होऊन दोन-तीन महिन्यांत ऑपरेशनला तयार असेल, तरी परमकॅथ चालतो. पण मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या झेडटीसीसीच्या (अवयववाटप पाहणाऱ्या विभागीय समितीच्या) यादीत मेंदूमृत दात्याची वाट पाहत असाल, तर ती वाट वर्षांची असते. तिथे फिस्टुलाच.

ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा आकडा) 15 ते 20 वर येऊन घसरत असेल, तर सर्जनकडे जायची वेळ तीच. त्याआधीपासून, कुठल्याही आजारात ॲडमिट झालात तरी, सिस्टरना सांगा: रक्त आणि सलाइन हाताच्या पाठीवरून, ज्या हाताने लिहीत नाही तो हात राखून, आणि दंडातून घालायची पिक लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी) नको.

किडनी बसल्यावर फिस्टुलाचं काय, हेही विचारून ठेवा. ट्रान्सप्लांटला वर्ष उलटलेल्या, किडनी नीट चालणाऱ्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या 2019 च्या अभ्यासात फिस्टुला बांधून टाकल्यावर सहा महिन्यांत हृदयाच्या डाव्या कप्प्याचं वजन सरासरी 22 ग्रॅमने घटलं. न बांधलेल्यांत घटलं नाही. गट लहान होता. तरीही प्रवाह फार मोठा असेल आणि दम लागत असेल, तर बांधून टाकावा. नवी किडनी अजून डगमगत असेल, तर राहू द्यावा.