अँटीसेराचा तीन बाटल्यांचा संच: पिवळी बाटली पारखून घ्या

रोजच्या ग्रुपिंगला, म्हणजे रक्तगट तपासायला, अँटीसेराचा (पेशींच्या गुठळ्या करून गट दाखवणाऱ्या प्रतिद्रव्यांचा) १० मिलिचा मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीवंशापासून बनवलेला, संच चोख काम देतो. निळी अँटी-ए, पिवळी अँटी-बी, बिनरंगी अँटी-डी. स्लाइडवर एकेक थेंब अँटीसेरा आणि रक्त, काडीने पसरवा, स्लाइड हलवत दोन मिनिटांच्या आत वाचा. उशीर झाला की सुकलेली कडच गुठळीसारखी दिसते. बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवा. गोठलेली बाटली सरळ टाकून द्या.

खरी परीक्षा पिवळ्या बाटलीची. ए आणि बी प्रतिजनांत (रक्तपेशीवरच्या गटाच्या खुणांत) फरक फक्त टोकाच्या साखरेचा: बीला गॅलॅक्टोज, एला एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसामिन. त्याखालचं फ्यूकोज लागलेलं गॅलॅक्टोज दोन्हीकडे सारखंच. आतड्यातल्या काही जिवाणूंचं एन्झाइम एच्या साखरेवरचा अ‍ॅसिटिल गट तोडतं. मागे राहिलेलं गॅलॅक्टोसामिन अँटी-बीला गॅलॅक्टोज वाटतं आणि ए१ (ए गटाचा मुख्य उपप्रकार) रुग्ण एबी दिसू लागतो. हाच 'अ‍ॅक्वायर्ड बी'. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किंवा आतडं अडलेल्या रुग्णात हमखास आठवावा असा. ईएस-४ क्लोनची (पेशीवंशाची) अँटी-बी याला फार फसायची. तिचा सामू (पीएच) उतरवल्यावर फसणं थांबलं. म्हणून किंमत विचारण्याआधी माहितीपत्रकातलं क्लोनचं नाव वाचा. ते छापलेलंच नसेल तर तो संच आमच्या मते घेऊ नये.

संचातली मोठी उणीव म्हणजे रिव्हर्स ग्रुपिंगच्या (रुग्णाचा सीरम माहीत गटाच्या पेशींशी तपासण्याच्या) ए१ आणि बी पेशी वेगळ्या घ्याव्या लागतात. त्यात काटकसर नको, कारण अ‍ॅक्वायर्ड बी तिथेच पकडला जातो: रुग्णाचा सीरम बी पेशींच्या गुठळ्या करतो, स्वतःच्या पेशींच्या मात्र नाही. रक्त कधीच न चढवलेल्या माणसात हे अँटी-बी येतं कुठून? ई. कोलाय ओ८६ या जिवाणूच्या पॉलिसॅकराइडवर (साखरांच्या साखळीवर) बीचीच तीन साखरांची जुळणी असते; अशा जंतूंशी गाठ पडली की शरीर अँटी-बी बनवतं. स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांच्या १९५९ च्या अभ्यासात जंतुविरहित वाढवलेल्या व्हाइट लेगहॉर्न जातीच्या कोंबडीच्या पिल्लांत अँटी-बी जवळजवळ तयारच झालं नव्हतं. नवजात बाळाचं रिव्हर्स मात्र करू नका, चार-सहा महिन्यांपर्यंत ही प्रतिद्रव्यं त्याची स्वतःची नसतात.

शंका राहिलीच तर सामू ६ केलेल्या अँटी-बीने पुन्हा तपासा. अ‍ॅक्वायर्ड बी तिथे गप्प बसतो. रुग्ण सिक्रेटर (गटाचे प्रतिजन लाळेतही सोडणारा) असेल तर लाळेत ए आणि एच (ए-बीचा पाया असलेला प्रतिजन) सापडतात, बी नाही. चढवायच्या पेशी ए गटाच्याच.