आठ महिने के-ओमेगा एसएसटी वापरल्यानंतर

हवेच्या प्रवाहाचं संगणकावर सिम्युलेशन करताना टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे प्रवाहातल्या खळबळीसाठी, एखादं मॉडेल निवडावं लागतं. त्यातल्या के-एप्सिलॉनवर माझी बरीच वर्षं निभली. गेल्या आठ महिन्यांत मात्र जवळजवळ प्रत्येक रन के-ओमेगा एसएसटी या दुसऱ्या मॉडेलवर केलाय. त्याचं कौतुक करायचंय, पण तक्रारीही आहेत.

निमित्त झालं एका डिफ्यूझरचं, म्हणजे पुढे रुंद होत जाणाऱ्या हवेच्या वाटेचं. के-एप्सिलॉनच्या उत्तरात हवा शेवटपर्यंत भिंतीला चिकटून जात होती आणि रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) कसे शहाण्या मुलासारखे खाली उतरत होते. चाचणीच्या वेळी भिंतीवर लोकरीचे धागे चिकटवले, तर वरच्या भिंतीवरचे निम्मे धागे उलट्या दिशेने फडफडायला लागले. प्रवाह तिथे भिंतीपासून सुटला होता आणि सिम्युलेशनला त्याचा पत्ताच नव्हता.

दाब पुढे पुढे वाढत जातो तिथे के-एप्सिलॉन भिंतीजवळचा शिअर स्ट्रेस (प्रवाहाच्या थरांमधला घर्षणासारखा ताण) जास्त मोजतं, त्यामुळे प्रवाह सुटतच नाही किंवा उशिरा सुटतो. मेंटर या संशोधकाने १९९४ मध्ये मांडलेल्या एसएसटीत याच स्ट्रेसला लगाम आहे: के च्या, म्हणजे टर्ब्युलन्समधल्या ऊर्जेच्या, ०.३१ पटीपलीकडे तो जाऊ नये अशी एडी व्हिस्कॉसिटीवर (टर्ब्युलन्समुळे येणाऱ्या जादा चिकटपणावर) मर्यादा घातलेली आहे. शिवाय भिंतीजवळ के-ओमेगा आणि लांब गेल्यावर के-एप्सिलॉन असा मिलाफ आहे, कारण विलकॉक्सचं १९८८ चं मूळ के-ओमेगा बाहेरच्या प्रवाहातल्या ओमेगाच्या (टर्ब्युलन्स विरण्याच्या दराच्या) आकड्याने भलतंच हलतं.

पहिला महिना वाईट गेला, आणि चूक माझीच होती. जुनी मेश (प्रवाहाची जागा छोट्या सेलमध्ये वाटणारी जाळी) तशीच ठेवून फक्त मॉडेल बदललं. वाय प्लस (पहिल्या सेलचं भिंतीपासूनचं एककरहित अंतर) ८ ते १५ च्या दरम्यान, म्हणजे धड भिंतीलगतच्या सबलेअरमध्ये नाही, धड त्यापलीकडच्या लॉग लेअरमध्ये नाही. उत्तर के-एप्सिलॉनपेक्षाही बिघडलं आणि मी मॉडेलच्या नावाने बोटं मोडली. आकडा सांगतो म्हणजे अंदाज येईल: हवेचा वेग सेकंदाला २० मीटर, लांबी १ मीटर असेल तर वाय प्लस १ साठी पहिल्या सेलचा मध्य भिंतीपासून साधारण ०.०१८ मिलिमीटरवर हवा. वॉल फंक्शनसाठी, म्हणजे भिंतीलगतचा थर न सोडवता सूत्राने भरायचा असेल तर, वाय प्लस ३० धरला तर हेच अंतर अर्धा मिलिमीटर भरतं. हल्लीचे सॉल्व्हर मधल्या पट्ट्यात सांधेजोड करून देतात, पण सेपरेशन (प्रवाहाचं भिंतीपासून सुटणं) कुठे होतं हेच शोधायचं असेल तर त्या सांधेजोडीवर विसंबू नका. भिंतीजवळ सेलचे लेअर वाढवल्यावर मेश फुगली, रन लांबले. ही किंमत मोजावीच लागते.

दुसरा त्रास रेसिड्युअलचा. एका बोथट आकाराच्या वस्तूवर ते एका पातळीला येऊन अडकले आणि ड्रॅगचा (हवेच्या विरोधाचा) आकडा वरखाली झुलत राहिला. दोन दिवस मेशमधले वाकडे सेल शोधले. एकही वाकडा निघाला नाही. मागे भोवरे आलटून पालटून सुटत होते, प्रवाहच स्थिर नव्हता! के-एप्सिलॉन याच मेशवर गुपचूप कन्व्हर्ज व्हायचं (एका उत्तरावर स्थिरावायचं), कारण त्याच्या जादा व्हिस्कॉसिटीत ते भोवरे विरून जायचे. शेवटी अनस्टेडी (वेळेनुसार बदल दाखवणारा) रन लावला आणि सरासरी घेतली. तेव्हापासून फार सहज कन्व्हर्ज झालेल्या उत्तराकडे मी जरा संशयानेच बघतो.

इनलेटचे (हवा आत येते त्या तोंडाचे) आकडेही डिफॉल्टवर सोडू नका. इनलेट लांब असेल तर दिलेला टर्ब्युलन्स वस्तूपर्यंत पोहोचेपर्यंत विरलेला असतो. वस्तूच्या जरासं अलीकडे के किती उरलाय ते एकदा तपासाच.

काही कामांना मी एसएसटी लावत नाही. सायक्लोनसारखा जोरदार गरगरणारा प्रवाह असेल तर टर्ब्युलन्सच्या ताणाचा प्रत्येक घटक वेगळा सोडवणारं रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेलच घेतो. एसएसटीसुद्धा शेवटी १८७७ च्या बूसिनेस्कच्या गृहीतकावर उभं आहे, म्हणजे टर्ब्युलन्सचा ताण ते साध्या चिकटपणासारखाच धरतं. चौकोनी डक्टच्या कोपऱ्यांत फिरणारा दुय्यम प्रवाह त्याला दिसतच नाही. प्रवाह लॅमिनारमधून (शांत, थराथराच्या अवस्थेतून) टर्ब्युलंट कुठे होतो हेही साधं एसएसटी सांगत नाही, त्यासाठी ट्रान्झिशनची वेगळी समीकरणं जोडावी लागतात. नुसत्या विंगभोवतीचा प्रवाह, तोही चिकटलेला असेल, तर १९९२ चं स्पालार्ट-आल्मारस मॉडेल एका समीकरणात काम उरकतं. एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत) भिंतीपर्यंत नीट करायचं तर माझं मशीन कित्येक आठवडे मोकळं होणार नाही, तो विषय सोडलाय.

सवय म्हणाल तर सुरुवातीची काहीशे इटरेशन (गणिताच्या फेऱ्या) अजूनही के-एप्सिलॉनवर काढतो आणि मग एसएसटीवर जातो. सुरुवातीची आदळआपट कमी होते.

त्या डिफ्यूझरचा रन नव्या मेशवर पुन्हा केला. सेपरेशन आलं, फक्त धाग्यांनी दाखवलं त्याच्या जरा आधीच. ही एसएसटीची ओळखीची खोड आहे, सुटलेला भाग ते थोडा जास्तच दाखवतं. तो ०.३१ थोडा वाढवला की सेपरेशन मागे सरकतं आणि धाग्यांशी छान जुळतं. करून पाहिलं, जुळलंही. पण पुढच्या डिफ्यूझरला तोच आकडा चालेल असं मला छातीठोकपणे सांगता येईना, म्हणून परत ०.३१ केला आणि रिपोर्टमध्ये दोन्ही जागा, धाग्यांची आणि सिम्युलेशनची, शेजारी शेजारी लिहून दिल्या.